सीताफळ तोडल्यानंतरचे चार दिवस

पुरंदरचं सीताफळ झाडावरून उतरलं की पिकायला ३ ते ५ दिवस लागतात. एवढ्या वेळात ते सासवडहून पुण्याच्या मार्केट यार्डात आणि तिथून घरी पोचायला हवं. त्यामुळे खरी काळजी बागेतच घ्यावी लागते.

तोडणीआधी डोळ्यांमधल्या खाचा बघा. त्या रुंदावून पिवळसर-पांढऱ्या दिसू लागल्या की फळ तयार. खाचा हिरव्या असताना तोडलेलं फळ नीट पिकत नाही, दगडासारखं राहून काळं पडतं. भाव चढला म्हणून असा माल उतरवणं मला अजिबात पटत नाही. त्यात गिऱ्हाईक फसतं. उलट तोडायला उशीर झाला आणि वर पाऊस आला तर फळ झाडावरच तडकतं. म्हणून दर दोन-तीन दिवसांनी बागेत फिरून तयार फळंच काढावीत.

देठ कात्रीने कापावा, फळाला साधारण १ सेंटिमीटर राहू द्यावा. ओढून तोडलं की देठाजवळ खड्डा पडतो आणि कुज तिथूनच शिरते. दव वाळल्याशिवाय तोडणी नको. काढलेला माल लगेच सावलीत न्यावा. तडकलेली, पिठ्या ढेकूण (पिठासारखी पांढरी कीड) लागलेली फळं तिथेच वेगळी करावीत. आणि हो, एखादं मऊ झालेलं फळ चुकूनही क्रेटमध्ये जाऊ देऊ नका. त्यातून सुटणाऱ्या इथिलिन वायूने शेजारची फळंही लवकर पिकतात.

२० किलोच्या क्रेटमध्ये फार तर १०-१२ किलो भरा. तळाला कागदाचे तुकडे, फळांचे दोनच थर, देठ एकमेकांत रुतणार नाहीत असे, आणि वरची कड मोकळी. सासवड-पुणे वाटेवरच्या दिवे घाटातले धक्के खालच्या थरालाच बसतात. दाबलेली जागा त्या दिवशी दिसत नाही, पिकताना काळी होते.

साठवायचंच असेल तर १५ अंश सेल्सिअसच्या आसपास. १२ अंशांच्या खाली कच्च्या फळाला थंडी बाधते, साल काळवंडते आणि बाहेर काढल्यावरही ते पिकत नाही. घरच्या फ्रिजमध्ये साधारण ४ अंश असतात, तेव्हा कच्चं सीताफळ तिथे ठेवू नका. पिकल्यावर दिवसभर चालेल. विटांच्या दुहेरी भिंतीत ओली वाळू भरून केलेला शीतकक्ष ऑक्टोबरच्या उन्हात चांगलं काम देतो. ऑगस्टच्या दमट हवेत पाण्याची वाफच कमी होते, त्यामुळे त्यावर भिस्त ठेवू नये.

उरलेल्या पिकल्या फळांचा गर काढावा. स्टीलचीच भांडी घ्या आणि बिया फुटू देऊ नका. एक किलो गराला अर्धा ग्रॅम अॅस्कॉर्बिक आम्ल (क जीवनसत्त्व) मिसळलं की रंग टिकतो. मग पिशवीतली हवा काढून उणे १८ अंशांवर गोठवा. हा गर उकळून टिकवायला जाल तर कडवट होतो, तो कडवटपणा साखरेनेही झाकत नाही.