तुम्ही विचारलंत म्हणून: व्यसनाच्या उपचारात वर्णभेद कुठून आला?

पुण्याला आले की कुणीतरी विचारतंच, "औषध काळ्या-गोऱ्यांना सारखंच लागू पडतं ना? मग वर्णभेद कसला?"

लागू सारखंच पडतं. मिळतं कसं, ते सांगते.

न्यू जर्सीतल्या ज्या मेथाडोन क्लिनिकात मी समुपदेशक आहे, तिथे पहाटे साडेपाचला रांग लागते. मेथाडोन हेरॉइनची तलफ आवरतं. नर्ससमोर प्यायचं, मग कामावर पळायचं. रांगेत बहुतेक कृष्णवर्णीय आणि लॅटिनो. व्यसनासाठी मेथाडोन साध्या दवाखान्यातून लिहून देता येत नाही, कायदाच तसा आहे. ब्युप्रेनॉर्फिन या त्याच कामाच्या दुसऱ्या औषधाला मात्र २००२ पासून ती मुभा आहे. उपनगरातला माणूस आपल्या डॉक्टरकडून महिन्याच्या गोळ्या घरी नेतो, शेजाऱ्यालाही कळत नाही. पण ते देणारे अनेक डॉक्टर रोख पैसे किंवा खासगी विमाच घेतात. २०१२ ते २०१५ मधल्या दवाखान्यांतल्या भेटी संशोधकांनी तपासल्या, तेव्हा हे औषध लिहून दिलेल्या कृष्णवर्णीयांच्या एका भेटीमागे गोऱ्यांच्या ३५ भेटी निघाल्या.

१९८६ साली पुण्यात डॉ. अनिता अवचटांनी मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केलं, गर्दुल्ल्याला रुग्ण मानून. त्याच वर्षी अमेरिकेनं कायदा केला: विकायला ५ ग्रॅम क्रॅक बाळगलं तर किमान पाच वर्षं तुरुंग, पावडर कोकेन असेल तर तेवढ्याच शिक्षेसाठी ५०० ग्रॅम. क्रॅक कोकेनचंच बनतं! त्याखाली आत गेलेले बहुतेक कृष्णवर्णीय होते. २०१० मध्ये शंभरास एक हे प्रमाण अठरास एकवर आलं. अजून तिथेच आहे.

त्या कायद्यात तरुणपणीची वर्षं गेलेले एक काका माझ्याकडे येतात. एका महिन्यात तीनदा उशीर झाला, तेव्हा मी फाइलमध्ये लिहिलं, "उपचारात रस नाही." काहींना मेथाडोनच्या बाटल्या घरी न्यायला मिळतात; अशा शेऱ्यानं त्या बंद होऊ शकतात, म्हणजे पुन्हा रोजची रांग. त्यांना कारण मी विचारलंच नव्हतं. पुढच्या भेटीत त्यांनीच सांगितलं: पहाटेची पहिली बस बंद झाली होती, ते तासभर चालत येत होते. तासभर चालत येणाऱ्याला रस नाही, असं मी लिहिलं होतं. समोर गोरा तरुण असता तर मी आधी विचारलं असतं, हे मला तिथेच कळलं आणि लाज वाटली.

दुरुस्तीची नोंद त्याच दिवशी जोडली. मग जुनी पानं चाळली. माझ्याआधीच्या दोघांनीही तेच वाक्य लिहिलं होतं.