विरघळणाऱ्या नळीमागे : आमची वाटचाल

भोसरीत आमचा गाळा आहे. सलाइनच्या सेटला लागते ती नळी आम्ही काढतो. पीव्हीसीचे दाणे हॉपरमध्ये टाकायचे, स्क्रू फिरतो, डायमधून नळी येते, पाण्याच्या टबातून जाते आणि रिळावर गुंडाळली जाते. वीस-बावीस वर्षं धंदा किलोवर चालला. आता त्याच शेडच्या मागच्या बाजूला, काचेच्या खोलीत, आम्ही दुसरी एक नळी करतो, तुटलेल्या मज्जातंतूच्या दोन टोकांमध्ये बसवायची. ती बोटाच्या पेराएवढी असते आणि अख्ख्या महिन्याचं उत्पादन माझ्या शर्टाच्या खिशात मावतं. बँकेचे साहेब पाहणीला आले तेव्हा म्हणाले, "स्टॉक दाखवा." मी डबी उघडून पुढे केली. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की कर्ज गेलंच म्हणून समजलो.

सुरुवात एका मनगटापासून झाली. शेजारच्या प्रेसच्या गाळ्यातल्या एका पोराचं मनगट पत्र्याच्या धारेनं कापलं आणि करंगळीच्या बाजूची नस तुटली. नस म्हणजे इथे रक्तवाहिनी नव्हे, मज्जातंतू. आपल्या बोलण्यात दोन्हींना एकच शब्द, त्यामुळे गोंधळ ठरलेला. तुटलेल्या टोकांत अंतर पडलं होतं. ताण देऊन शिवलं तर टाका धरत नाही, म्हणून सर्जननी पोटरीच्या मागून एक नस काढून मध्ये जोडली. जगभर आजही हीच पद्धत सर्वांत भरवशाची मानतात. वर्षभरानं तो भेटला, हात बराच सुधारला होता. पण म्हणाला, "काका, पायाची बाहेरची कड बधिर झालीय. ठेच लागली तरी कळत नाही." हाताचं दुखणं पायाला द्यावं लागलं होतं.

मी नळीवाला, मला नळीच सुचणार. त्या सर्जनना भेटून विचारलं, "डॉक्टर, मध्ये नळी का नाही टाकत?" ते हसले. म्हणाले, ही कल्पना तुमच्या पणजोबांच्या वेळची. १८८० च्या सुमारास युरोपात हाडातले क्षार काढून केलेल्या नळ्या वापरून पाहिल्या होत्या. पुढे १९८० च्या दशकात स्वीडनच्या गोरान लुंडबोर्ग यांनी उंदरांत सिलिकॉनच्या नळ्या बसवून आत काय घडतं ते नीट दाखवलं. सिलिकॉन विरघळत नाही. नस वाढल्यावर तीच नळी तिला आवळू शकते आणि मग काढायला पुन्हा ऑपरेशन. म्हणून नंतरच्या नळ्या शरीरात जिरणाऱ्या आल्या. गाईगुरांच्या कोलॅजेन या प्रथिनाची एक अमेरिकन नळी २००१ पासून बाजारात आहे.

आत जे घडतं ते ऐकून मी चाट पडलो. नळी स्वतः काहीच दुरुस्त करत नाही. नसेची दोन टोकं तिच्यात एक-दोन मिलिमीटर सरकवून केसाहून बारीक धाग्यानं, मायक्रोस्कोपखाली शिवतात. मधल्या पोकळीत टोकांतून द्राव पाझरतो, त्यातून आठवड्याभरात फायब्रिनची, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या प्रथिनाची, बारीक दोरी तयार होते. त्या दोरीवरून श्वान पेशी (श्वान हे शास्त्रज्ञाचं नाव; या पेशी नसेतल्या तंतूंना वेढून आधार देतात) दोन्हीकडून सरकत येतात आणि त्यांच्यामागून तंतू वाढतात, दिवसाला साधारण एक मिलिमीटर. बाहेरचा व्रण आत घुसू नये, पण ऑक्सिजन आणि पोषण जावं, एवढंच नळीनं सांभाळायचं. अंतर तीन सेंटिमीटरच्या पुढे गेलं की पोकळ नळीचा भरवसा राहत नाही. आणि घाईही असते: वर्ष-दीड वर्षात तंतू स्नायूपर्यंत पोचला नाही, तर स्नायू पुन्हा त्याला दाद देत नाही. कोपराजवळ कापलेली नस तळहातापर्यंत यायला दहा-अकरा महिने लागतात, यावरून हिशेब करा.

आम्ही कायटोसॅन घेतलं. कोळंबी-खेकड्याच्या टरफलातले क्षार ॲसिडनं, प्रथिनं कॉस्टिकनं काढली की कायटिन उरतं. ते पुन्हा कडक कॉस्टिकमध्ये तापवलं की कायटोसॅन. तापवताना कायटिनच्या साखळीला चिकटलेले ॲसिटिल नावाचे गट निघत जातात; किती तापवलं, म्हणजे किती ॲसिटिल उरलं, त्यावर सगळं अवलंबून. जर्मनीत हॅनोवरच्या संशोधकांनी २०१३ मध्ये उंदरांच्या पायातल्या नसेत वेगवेगळ्या नळ्या बसवून पाहिल्या. साधारण पाच टक्के ॲसिटिल शिल्लक असलेली नळी त्यांना सरस वाटली: फार लवकर विरघळत नाही आणि फार काळ अडूनही बसत नाही. हे वाचलं आणि आम्ही पावडरवाल्याकडे तसाच माल मागितला. त्यानं पाठवलेल्या तीन पोत्यांचे तीन आकडे आले. "साहेब, टरफल आहे ते, दाणा नाही," तो म्हणाला. तेव्हापासून प्रत्येक पोत्याचा नमुना आम्ही बाहेर तपासून घेतो आणि निम्मा माल परत जातो.

पहिल्या नळ्या वाळल्यावर कुरडईसारख्या कडक आणि काचेसारख्या स्वच्छ दिसल्या. गाळ्यात पेढे वाटले. रात्रभर सलाइनमध्ये ठेवल्या, तर सकाळी भिंत फुगून भोकच बुजलं होतं. तो पेढा आजही मला ऐकवला जातो. मग भिंतीची जाडी, वाळवायची पद्धत, सगळं उलटंपालटं केलं. आतला पृष्ठभाग खरबरीत यायचा तो स्टीलच्या सळईमुळे. आमच्या टूलरूमचे मामा, ज्यांनी आयुष्यभर डाय घासले, त्यांनी दोन मिलिमीटरची सळई हिऱ्याच्या पेस्टनं आठवडाभर पॉलिश केली. पॉलिमर शिकलेली माझी मुलगी तोवर रोज विचारत होती, "मामा, झाली का?" आणि मामा रोज म्हणायचे, "ताई, आरशात तोंड दिसलं की सांगतो."

निर्जंतुकीकरणात आम्ही सपशेल आपटलो. आमची पीव्हीसीची नळी गिऱ्हाइकाकडे जाते, पुढचं ते बघतात. इथे सगळं आमच्याच गळ्यात. गामा किरणांची सोय आपल्याकडे जुनी, ट्रॉम्बेचं आयसोमेड १९७४ चं. नेहमीच्या २५ किलोग्रेच्या मात्रेनं जंतू मेले, पण कायटोसॅनच्या साखळ्याही तुटल्या आणि टाका घालताना नळी फाटू लागली. दोष किरणांचा नव्हता, आमच्या अज्ञानाचा होता. शेवटी इथिलीन ऑक्साइडवर आलो. त्यात गॅस नळीत अडकून राहतो, तो जाईपर्यंत वाट बघायची आणि उरलेला मोजायचा. ऑटोक्लेव्हचं, म्हणजे दाबाच्या वाफेचं, नावही काढू नका.

उंदरांवरचे प्रयोग आम्ही करत नाही, संस्था करतात, त्यांच्या नैतिकता समितीच्या मंजुरीनं. एकदा मला बघायला बोलावलं होतं. उंदराच्या मागच्या पायांना शाई लावून अरुंद बोळातून कागदावर चालवतात आणि पंजाचे ठसे मोजतात. नस तुटलेल्या पायाचा ठसा लांबट, बोटं मिटलेली. आठवड्यामागून आठवडे कागद बघत गेलं की बोटं हळूहळू फाकताना दिसतात. तसा एक कागद मागून आणून मी ऑफिसात लावलाय. पाहुणे विचारतात, नातवंडाचं चित्र का?

आता जे विचारलं जातं ते सांगतो. माणसांत बसवायची परवानगी आमच्याकडे अजून नाही. भारतात वैद्यकीय उपकरणांचे २०१७ चे नियम १ जानेवारी २०१८ पासून लागू झाले. त्यांत शरीरात जिरणारं इम्प्लांट सर्वांत धोक्याच्या ड वर्गात येतं आणि त्याचा परवाना थेट दिल्लीच्या केंद्रीय यंत्रणेकडून मिळतो. आमची नळी आज फक्त प्रयोगशाळांत जाते. खर्च अजूनही सलाइनची नळीच भागवते.

तरी फोन येतात. कुणाचा भाऊ गाडीवरून पडून कमरेखाली गेलेला असतो, कुणाच्या वडिलांना अर्धांगवायू. "तुमची नळी बसवली तर उठतील का हो?" पहिल्यांदा मी गडबडलो, लांबलचक काहीतरी बोललो. आता सरळ सांगतो, दादा, ही नळी हातापायांच्या नसांसाठी. मेंदूतले आणि मणक्यातले तंतू तुटले तर ते असे आपोआप वाढत नाहीत, आणि हातापायासाठीही आम्ही अजून कुणाला देऊ शकत नाही. पलीकडे थोडा वेळ शांतता असते. मग बहुतेक जण "बरं" म्हणून ठेवतात. एका बाईंनी मात्र विचारलं होतं, "मग निदान कुठे दाखवू ते तरी सांगा." तेव्हापासून टेबलाच्या काचेखाली आम्ही पुनर्वसन विभाग असलेल्या सरकारी रुग्णालयांची यादी ठेवलीय.

सध्या काम दीड मिलिमीटर भोकाच्या नळीवर चाललंय, बोटातल्या नसांसाठी. मामांनी नवी सळई घासायला घेतलीय. पावडर संपत आली आहे, आणि जून-जुलैच्या मासेमारीबंदीत पावडरवाला फोन उचलत नाही.