जुना टीव्ही, नवा साउंडबार: आवाज काढायचा कुठून?

आधी परिस्थिती सांगतो. टीव्ही जुना, पण पडदा अजून ठणठणीत, म्हणून तो बदलायचा नाही हे ठरलेलं. मागे दोन एचडीएमआय, लाल-पांढरी-पिवळी एव्ही सॉकेटं, अँटेनाची जागा आणि बाजूला ३.५ मिमीची दोन भोकं. ऑप्टिकल, म्हणजे प्रकाशातून आवाज बाहेर देणारं सॉकेट, नाही. साउंडबारला एचडीएमआय एआरसी (टीव्हीचा आवाज एचडीएमआयमधूनच उलटा घेणारी सोय), ऑप्टिकल आणि ऑक्स (साध्या ऑडिओ वायरीचं सॉकेट). टीव्हीचे दोन्ही एचडीएमआय आधीच अडकलेले, एकात सेट-टॉप बॉक्स, दुसऱ्यात स्ट्रीमिंग स्टिक.

पहिली संध्याकाळ

स्टिक काढून तिथे साउंडबारची एचडीएमआय केबल लावली. शांतता. कारण उघड होतं, तरी करून बघितलंच. पोर्टशेजारी ‘एआरसी’ लिहिलेलं नाही. टीव्हीचा एचडीएमआय म्हणजे चित्र-आवाज आत घेणारं दार. त्याच केबलमधून आवाज उलटा बाहेर पाठवायची सोय २००९ च्या एचडीएमआय १.४ पासून आली. त्याआधीच्या टीव्हीला कितीही महागडी केबल लावा, फरक शून्य.

मग ३.५ मिमीची पिन. इथे अर्धा तास गेला, कारण पहिलं भोक ‘ऑडिओ इन’ निघालं, कॉम्प्युटरचा आवाज टीव्हीत घेण्यासाठीचं. अक्षरं काळ्यावर काळी कोरलेली. मोबाइलच्या टॉर्चमध्ये दिसली. हेडफोनच्या भोकात पिन गेली आणि बार बोलू लागला.

यात आवाजाच्या दोन पायऱ्या होतात, टीव्हीची आणि बारची. टीव्ही कमी ठेवून बार चढवला की मागे ‘स्स्स’ ऐकू येतं. टीव्ही पूर्ण चढवला की मोठे संवाद फाटतात. माझ्याकडे टीव्ही ७५ टक्क्यांवर ठेवून पुढे फक्त बार कमीजास्त करणं जमलं.

दुसरा दिवस

गुणगुण. रात्री सगळं शांत झाल्यावर बारमधून सलग, खालच्या पट्टीतला सूर. केबल बदलली, तरी तसाच. शेवटी सेट-टॉप बॉक्सची छत्रीकडून येणारी वायर काढली आणि गुणगुण तिथल्या तिथे थांबली. म्हणजे ग्राउंड लूप: छत्रीची वायर आणि घरातलं अर्थिंग यांच्यात जमिनीचे दोन मार्ग तयार होतात, आणि त्यातून फिरणारा विजेचा ५० हर्ट्झचा सूर ॲनालॉग वायरीतून थेट बारमध्ये उतरतो. ऑक्सच्या वायरीत ही गुणगुण अडवणारा छोटा आयसोलेटर बसवता येतो (आत दोन चिमुकले ट्रान्सफॉर्मर, बाकी काही नाही), पण स्वस्तातल्यात बास पातळ होतो. बाससाठीच तर बार आणला! ब्लूटूथचा विचार लगेच सोडला. जुन्या टीव्हीला वेगळा ट्रान्समीटर लावायचा आणि वर ओठ आधी, शब्द नंतर.

चौथा दिवस

इथे डोक्यात प्रकाश पडला. आवाज टीव्हीतून काढायचाच कशाला? टीव्हीत शिरण्याआधीच तो वेगळा करावा. दोन इनपुटांचा एचडीएमआय स्विच, त्यापुढे ऑडिओ एक्स्ट्रॅक्टर (एचडीएमआयमधला आवाज वेगळा काढणारी डबी), तिथून एक केबल टीव्हीला आणि ऑप्टिकल बारला. टीव्हीचा एक पोर्ट उलट मोकळा झाला.

ऑप्टिकल लावल्यावर पुन्हा शांतता. केबलच्या टोकाला पारदर्शक प्लास्टिकची टोपी असते, ती तशीच होती. हसू नका, तुमच्यापैकी निम्म्यांनी हे केलंय. टोपी काढून टोक तळहातावर धरलं, लाल ठिपका दिसला, मग खात्री पटली. नुसता प्रकाश जातो, तांबं जोडलं जात नाही, म्हणून गुणगुणही गायब.

आवाज मात्र स्टिरिओच. एक्स्ट्रॅक्टरवर तीन जागांचं बटण आहे: ‘पास’, ‘२ चॅनल’ (स्टिरिओ), ‘५.१’ (चहूबाजूंचा, सहा चॅनलांचा आवाज). ‘पास’वर असताना सेट-टॉप बॉक्स टीव्हीलाच विचारतो, तुला काय समजतं? टीव्ही म्हणतो, स्टिरिओ. तेवढंच मिळतं. ‘५.१’वर नेलं की टीव्हीच्या वतीने एक्स्ट्रॅक्टर उत्तर देतो आणि डॉल्बी डिजिटल, म्हणजे दाबून पाठवलेला ५.१ आवाज, सुटतं. टीव्हीचे स्वतःचे स्पीकर मग मुके झाले, ते चालतंय. स्टिक तरीही गप्प होती. ती डॉल्बी डिजिटल प्लस पाठवत होती आणि ते ऑप्टिकलमधून जात नाही. सेटिंगमध्ये साधं डॉल्बी डिजिटल निवडलं. तुमचा बार डॉल्बी उलगडत नसेल तर पीसीएम (न दाबलेला साधा डिजिटल आवाज) ठेवा, नाहीतर हीच शांतता भेटेल.

सहावा दिवस

आता आवाज आधी, ओठ नंतर! टीव्ही चित्रावर प्रक्रिया करायला वेळ घेतो, आवाज त्याला न भेटताच पुढे जातो. आयटीयूच्या (आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघ) बीटी.१३५९ शिफारशीनुसार आवाज सुमारे ४५ मिलीसेकंद आधी आला तरी जाणवतो, उशीर मात्र १२५ पर्यंत खपतो. बरोबरच आहे, लांबून टाळी वाजवली की आवाज मागूनच येतो. आधी आलेला कधी कोणी ऐकलाय? बारच्या रिमोटवर ‘ऑडिओ डिले’ होता. बातम्या देणाऱ्यांच्या ओठांकडे बघत दहा-दहाने वाढवत ७० वर थांबलो. आधी टीव्ही ‘गेम’ मोडवर टाकून पाहिला होता, उशीर कमी झाला, पण रंग फिके वाटले.

राहिलेलं काम: टीव्ही रिमोट ऐकेना. बार टीव्हीच्या पायाशी ठेवला तो नेमका रिमोटच्या सेन्सरसमोर. चार बोटं पुढे ओढलाय, पण ऑप्टिकलची केबल आता ताणली जातेय. ती फार दुमडलेली चालत नाही, म्हणून जरा लांब केबल मागवली आहे.