मी कधी गायचं?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. कार्यक्रम संपला, आम्ही वायरी गुंडाळायला लागलो की कुणीतरी जवळ येतं आणि तोच प्रश्न टाकतं, "चळवळीतलं गाणं असं ड्रम-गिटारवर वाजवलं की त्याची धार जात नाही का हो?" विचारणाऱ्याचं उत्तर बहुतेकदा आधीच ठरलेलं असतं. जाते, कधी कधी जाते. पण त्याचा दोष गिटारच्या माथी मारू नका.

आम्ही वाजवतो ते 'हिल्ले ले'. इंडियन ओशन या बँडच्या २००० सालच्या 'कंदीसा' अल्बमातून ते माझ्यापर्यंत पोचलं. कित्येक वर्षं मी ते जुनं भोजपुरी लोकगीत म्हणून छातीठोकपणे सांगत होतो. निघालं गोरख पांडे यांचं. जन्म १९४५चा, जेएनयूत तत्त्वज्ञानाचा अभ्यास, शेतकऱ्यांच्या लढ्यांशी बांधिलकी, मृत्यू १९८९ मध्ये. तत्त्वज्ञानाचे ग्रंथ उपसणाऱ्या माणसानं लिहिलेली ओळ मात्र कशी, तर जनतेची पलटण येतेय आणि दुनिया गदागदा हलतेय. एवढंच. ज्याला वाचता येत नाही त्याच्याही दुसऱ्या खेपेला तोंडात बसेल अशी. कवीचं नाव गळून गाणं 'लोकांचं' होतं, याचा आनंद मानावा की वाईट वाटून घ्यावं, हे माझं अजून ठरलेलं नाही. आम्ही मात्र नाव घेतल्याशिवाय सुरू करत नाही.

त्याच अल्बमात 'माँ रेवा' आहे. त्यात ना घोषणा, ना धरणाचा उल्लेख. नर्मदामाई, तुझं पाणी निर्मळ, खळखळ वाहतंय, असं साधं स्तवन. बँडचा बेस गिटार वाजवणारा राहुल राम पर्यावरणाच्या विषशास्त्रात कॉर्नेलमधून डॉक्टरेट घेऊन आला आणि नर्मदा बचाव आंदोलनात गेला. हे गाणं त्या खोऱ्यातलं. आणि ज्या वर्षी अल्बम आला त्याच वर्षी, १८ ऑक्टोबरला, सर्वोच्च न्यायालयानं नर्मदेवरच्या सरदार सरोवर धरणाचं थांबलेलं बांधकाम पुढं न्यायला परवानगी दिली. आपल्याकडची नंदुरबारची तेहतीस गावं त्या बुडिताच्या यादीत. हे माहीत असलेल्या माणसाला 'खळखळ' हा शब्द कसा ऐकू येत असेल? वाहतं पाणी खळखळतं, अडवलेलं नाही. गाण्यातला शब्दही न बदलता त्याचा अर्थ बदलला, आणि त्यात ड्रमचा काही हात नव्हता.

शुद्धतेचा आग्रह धरणाऱ्यांना मी अण्णाभाऊंची आठवण करून देतो. तमाशाची सुरुवात गणानं, म्हणजे गणपतीच्या नमनानं व्हायची. अण्णाभाऊ साठ्यांनी तिथं मायभूमीला आणि शिवरायांना नमन घातलं, आणि १९४४ साली निघालेल्या लाल बावटा कलापथकातून तमाशाचा सगळा साचाच कामगारांच्या बाजूनं वळवला. तेव्हाही कुणीतरी नाक मुरडलंच असणार. आणि आवाजाचंच म्हणाल तर शाहीर अमर शेखांच्या पहाडी गळ्यापुढं आमचा अँप्लिफायर म्हणजे किरकोळ गोष्ट.

मग धार जाते कुठं? हे मला आमच्या तालमीत कळलं. आमच्यातल्या एकाचे काका उभा जन्म कलापथकात ढोलकी वाजवत आणि झील धरत आलेले. त्यांना मुद्दाम बोलावलं होतं. आम्ही 'हिल्ले ले' वाजवलं, जीव ओतून. काकांनी मान डोलावली, पायानं ठेका धरला. संपल्यावर म्हणाले, "वाजवताय झकास. पण मी कधी गायचं?"

आम्हाला वाटलं, त्यांना माईक हवाय.

"माईक नको रे बाबा. झीलकऱ्याला जागा कुठंय, ते विचारतोय."

मग आम्ही रेकॉर्डिंग लावून ऐकलं. शाहीर ओळ टाकतो, झीलकरी ती झेलतात आणि उंच नेऊन परत देतात. पोवाड्यात तेच, भजनात तेच, गोरख पांड्यांच्या ओळीतही तेच. आणि आम्ही काय केलं होतं? प्रत्येक ओळीनंतर जी मोकळी जागा होती तिथं गिटारचा एकेक तुकडा बसवला होता. सुंदर तुकडे, महिनाभर घासलेले. ऐकणाऱ्याला करायला काही उरलंच नव्हतं, टाळ्या वाजवण्याखेरीज. माझं मत विचाराल तर चळवळीतलं गाणं तिथं मरतं.

तुकडे काढले. आमचा गिटारवाला आठवडाभर बोलत नव्हता. आता ओळीनंतर फक्त ड्रमचा ठेका चालतो आणि वर चार मात्रा रिकाम्या.

पहिल्या कार्यक्रमात त्या रिकाम्याच राहिल्या. समोर दीडेकशे माणसं, हातात मोबाइल, आणि आमच्या ओळीनंतर नुसता ठेका. असा घाम मला कधी फुटला नव्हता. तिसऱ्या कडव्याला मागच्या रांगेतून एका बाईंचा आवाज आला, थोडा बेसूर, अर्धा ठोका उशिरा. पुढच्या ओळीला तिच्या शेजारचे दोघे. बस्स, त्या दिवशी तेवढंच.

हल्ली कधी सगळं सभागृह उचलून धरतं, कधी कुणीच नाही. गिटारवाल्याची बोटं अजून शिवशिवतात. ठेका चालू असतो, समोर शांतता असते, आणि तो माझ्याकडे बघतो, भरू का म्हणून. मी मान हलवून नाही म्हणतो.