उन्हाळ्यासाठी जाळीचा ड्रेस

आज ड्रेसचा घेर विणून झाला. भिजवला, हलकेच पिळला आणि टाचण्या लावून ताणून वाळत घातला. जाळीच्या विणीचं खरं रूप इथेच दिसतं! सुईवर असताना सगळं आखडलेलं वाटतं, ओलं करून ताणलं की नक्षीतलं पान न् पान उलगडतं. दोरा पुढे घेतला की भोक पडतं आणि एक टाका वाढतो, म्हणून जवळच दोनाचा एक करायचा. अख्खी नक्षी एवढ्यावर उभी असते, याचं मला दरवेळी अप्रूप वाटतं.

धागा बारीक सुती, सुया जरा जाड. सुताला लोकरीसारखा लवचिकपणा नसतो, स्वतःच्याच वजनाने ड्रेस खाली ओढला जातो. म्हणून लांबी मुद्दाम कमी ठेवलीय. आता बाह्या कोपरापर्यंत करू की बिनबाह्यांचाच ठेवू?