येऊर: उंदीरमारीखाली काय उगवतंय?

फेब्रुवारीतला रविवार. ठाणे स्टेशनवरून टीएमटीची येऊर बस पकडली. फेऱ्या मोजक्याच, तेव्हा उतरतानाच परतीची वेळ विचारून ठेवा. मी विचारली नाही आणि भर दुपारी उपवनपर्यंत तंगडतोड केली. वाटेत हवाई दलाचं केंद्र लागतं, तिथे कॅमेरा बॅगेतच असू द्या.

पीएचडीचं माझं पहिलं वर्ष आहे. जंगल आपलं आपण कितपत परत येतं, हा विषय. येऊर म्हणजे संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाची ठाण्याकडची बाजू, त्यामुळे चौकोन आखून रोपं मोजायची असतील तर वनखात्याची लेखी परवानगी आधी काढावी लागते. ती हातात पडेपर्यंत मी नुसतं डोळ्यांनी बघतेय.

या दिवसांत उंदीरमारी, म्हणजे ग्लिरिसिडियाचं झाड, गुलाबी फुललेली असते. लोक तिच्याखाली उभे राहून फोटो काढतात. मूळची मध्य अमेरिकेची ही बाई, आपल्याकडे हिरवळ लवकर यावी म्हणून लावली. मी मात्र बुंध्याशी उकिडवी बसले. पाचोळा सारला तर खाली तिचीच पिल्लं, मध्येच घाणेरी, हेही बाहेरून आलेलं झुडूप. वीस पावलांवर एक उंबर होता. त्याच्या सावलीत चित्र वेगळं: तीन पानांचं लवदार पळसाचं रोप, कुंभा, आणि नाव न कळलेली दोन. उंबरं खायला बुलबुल, तांबट, धनेश येतात आणि दुसरीकडे खाल्लेल्या बिया इथे टाकून जातात. पळसाची शेंग मात्र वाऱ्यानेच आली असणार.

मग उंदीरमारी तोडून का टाकत नाहीत? पाड्यावरचे एक काका मोळी बांधत होते, त्यांना विचारलं. "तोडून जात नाय ती. पाऊस पडला का दुप्पट फुटते." खरंच, शेजारच्या खुंटाला मनगटाएवढे पाच फुटवे होते. शिवाय सगळी एकदम तोडून मोकळं ऊन पडलं की घाणेरी आणि तसलीच परदेशी रानमोडी आधी जागा धरतात. थोडी थोडी काढत, उगवलेली देशी रोपं जपत जायला हवं, असं मला तरी वाटतं.

पँट मोज्यात खोचा, गोचीड असतात. पाणी घरूनच न्या. अंधाराच्या आत खाली उतरा, बिबट्याचं घर आहे ते.

आणि खुणेला लाल रिबिनी बांधू नका. मी रोपांजवळ चार बांधल्या होत्या. डबा खाऊन परतले तर तीन गायब, चौथी एका माकडाच्या तोंडात.