रात्रभर रेंडर चालावा आणि पोरीची झोपही मोडू नये : माझा पहिला कस्टम वॉटर लूप

मी कोल्हापूरच्या गुजरीतल्या दोन-तीन सराफांना दागिन्यांची थ्रीडी डिझाईन करून देतो, साज, ठुशी, बोरमाळ वगैरे, आणि गिऱ्हाईकाला दाखवायचे व्हिडिओ घरीच रेंडर करतो, म्हणजे डिझाईनवरून एकेक चित्र कॉम्प्युटरकडून तयार करून घेतो. 21 पानांचा साज गोल फिरतोय असा वीस सेकंदांचा व्हिडिओ म्हटला तरी मशीन रात्रभर चालतं. फ्लॅट वन बीएचके, मशीन बेडरूममध्येच, आणि आठ महिन्यांची मुलगी. एकसारखा आवाज असता तर ती झोपली असती, सिलिंग फॅनखाली झोपतेच की. पण हा आवाज चढायचा उतरायचा, प्रोसेसरचं तापमान एका सेकंदात 50 वरून 75 वर उडी मारतं आणि फॅन त्याच्या मागं पळतात, त्या प्रत्येक चढाला ती दचकून उठायची आणि मग आम्ही दोघंही उठायचो.

दिवाळी झाल्यावर कामं जरा थंडावली तेव्हा मी हे मनावर घेतलं. पहिल्यांदा वाटलं होतं की वॉटर कूलिंग केलं की मशीन आपोआप शांत होतं. तसं नाहीये बघा, आणि हे डोक्यात बसायला मला जवळजवळ महिना लागला. उष्णता शेवटी खोलीतल्या हवेतच जाणार, पाणी फक्त चिपवर बसवलेल्या तांब्याच्या ब्लॉकमधून ती उचलून मोठ्या रेडिएटरपर्यंत नेतं आणि पंपानं फिरून परत येतं, हा फेरा म्हणजेच लूप. शांतता येते ती रेडिएटर मोठा असल्यामुळं आणि त्यावरचे फॅन सावकाश फिरत असल्यामुळं, फॅनचा वेग निम्मा केला की आवाज साधारण 15 डेसिबलनं उतरतो. म्हणजे सगळा हिशेब रेडिएटरचा. माझा प्रोसेसर रायझन 9 5900एक्स, तो फुल लोडला 142 वॅटपर्यंत जातो, आणि ग्राफिक्स कार्ड आरटीएक्स 3080, ते 320 वॅट, दोन्ही मिळून 462. फॅन सावकाश ठेवायचे असतील तर 120 एमएमच्या एका फॅनएवढ्या रेडिएटरवर शंभरेक वॅटच धरायचे असा ढोबळ हिशेब लावतात. म्हणजे पाच फॅनची जागा तर लागणारच, म्हणून 360 चे, म्हणजे प्रत्येकी तीन फॅनचे, दोन रेडिएटर ठरवले, एक वर, एक समोर.

मग माझी पहिली चूक. ऑनलाईन एक 360 चा रेडिएटर निम्म्या किमतीत दिसला आणि मी घेऊन टाकला. त्याच आठवड्यात पंप बसवायची पट्टी करून घ्यायला उद्यमनगरात एका लेथवाल्या मामांकडं गेलो, माप नीट कळावं म्हणून सगळं सामान पिशवीत घालून नेलं होतं. मामांनी पट्टीचं काही विचारायच्या आधी रेडिएटर हातात घेतला, दोनदा वर-खाली करून वजन बघितलं, मग कानशीनं कोपऱ्यातला काळा रंग नखाएवढा खरवडला. आत पांढरं चकचकीत. "आरं, ह्ये तांबं न्हाय, ॲल्युमिनिअम हाय. तुझा त्यो ब्लॉक तांब्याचा, दोनी येकाच पाण्यात घातलंस तर ह्येला खाऊन टाकंल की." मी उभ्या उभ्या मोबाईलवर त्या रेडिएटरचं वर्णन परत वाचलं, कुठं धातूचा उल्लेखच नव्हता. दोन वेगळे धातू एका पाण्यात जोडले की त्याची बॅटरी होते आणि त्यात ॲल्युमिनिअम झिजत जातं, ही गोष्ट ज्यांच्या घरात पिढ्यानपिढ्या ओतकाम आहे त्यांना वाचून कळावी लागत नाही. तो रेडिएटर परत केला आणि तांब्या-पितळेचे दोन मागवले. फिटिंगचे आटे बघूनही मामा लगेच म्हणाले, "पाव इंची बीएसपी हाय ह्यो." आणि खरंच ते जी 1/4 म्हणजे तेच. ते टेफलॉन टेप काढायला लागले, तेव्हा मी सांगितलं की इथं सील आट्यावर नसतं, खाली ओ-रिंग म्हणजे रबराचं कडं बसतं, त्यामुळं टेप लावायची नाही आणि पान्यानं आवळायचंही नाही, हातानं घट्ट झालं की बास.

कॅबिनेटचं माप हा दुसरा घोळ. कंपनीच्या पानावर 360 बसतो असं लिहिलेलं असतं, पण किती जाड ते बघायला पाहिजे. मिठाईच्या खोक्याचा पुठ्ठा कापून मी 400 बाय 120 चा खोटा रेडिएटर केला, 30 एमएम जाडीसाठी पुठ्ठ्याचे थर चिकटवले, त्याखाली एक खरा फॅन दोऱ्यानं बांधला आणि तो सगळा गठ्ठा कॅबिनेटमध्ये वरून धरून बघितला. रेडिएटरचे 30 आणि फॅनचे 25 मिळून 55 झाले आणि रॅमच्या काडीपासून जेमतेम बोटभर जागा उरली. 45 एमएमवाला जाड रेडिएटर घ्यायचा माझा विचार होता, तो तिथंच संपला. ज्यांना करायचं आहे त्यांनी पुठ्ठ्याचं काम टाळू नका, कागदावरची मापं बरोबर असतात पण ट्यूब जिथून वळते ती जागा कागदावर दिसत नाही.

पाणी आधी प्रोसेसरला न्यायचं का कार्डला, यावर मी उगाच बरेच दिवस घालवले. शेवटी साधं गणित केलं. मिनिटाला तीन लिटर म्हणजे सेकंदाला 50 मिली, तेवढं पाणी एक अंशानं तापायला साधारण 210 ज्यूल लागतात, मग 400 वॅटला सगळ्या लूपमध्ये मिळून पाणी दोन अंशानंच तापणार. क्रमानं काही फरक पडत नाही, ट्यूब जिथून सोपी जाईल तिथून न्यायची. एकच नियम मोडायचा नाही, टाकीतलं पाणी थेट पंपात उतरलं पाहिजे, कारण माझ्या डी5 जातीच्या पंपाच्या बेअरिंगला पाणी हेच वंगण असतं आणि तो कोरडा फिरला की खराब होतो.

ट्यूब काळ्या रबराची ईपीडीएमची घेतली, 10/16, म्हणजे आतून 10 आणि बाहेरून 16 एमएम. पारदर्शक दिसायला भारी, मान्य आहे, पण स्वस्त पारदर्शक ट्यूबमधलं प्लास्टिसायझर, म्हणजे प्लास्टिक मऊ ठेवणारं रसायन, हळूहळू पाण्यात उतरतं आणि ब्लॉकच्या बारीक खाचांत साचतं. कूलंट तयार मिळतं ते घेतलं, बिनरंगाचं. नळाचं पाणी तर नाहीच, आणि बॅटरीचं पाणी म्हणून मिळतं ते डिस्टिल्ड असेलच असं धरून चालू नका. कार्डचा ब्लॉक घेताना मात्र तीनदा खात्री केली, तो त्याच मॉडेलच्या पीसीबीला, म्हणजे कार्डच्या सर्किट बोर्डाला लागतो, नाव सारखं असून चालत नाही. सगळं मिळून खर्च पाऊण लाखाच्या घरात गेला. बायकोला आधी विचारलं होतं, ती म्हणाली झोप मिळणार असेल तर कर.

जोडणी जानेवारीत, एका शनिवार-रविवारी. कार्ड उघडताना हात थरथरत होते हे खरं, चिपची उष्णता ब्लॉकला देणारे मऊ थर्मल पॅड वेगवेगळ्या जाडीचे असतात आणि चुकीच्या जागी जाड पॅड गेला की ब्लॉक चिपवर टेकतच नाही, म्हणून प्रत्येकाची जागा फोटोत बघून बघून लावली. पाणी भरायच्या आधी हवेनं लीक टेस्ट केली, अर्धा बार दाब देऊन काटा बघत बसायचं. पाच मिनिटांत काटा उतरला! एकेक फिटिंग काढून बघितलं तर समोरच्या रेडिएटरच्या खालच्या फिटिंगची ओ-रिंग खाचेतून निसटून चिमटली होती. नवी घातली, परत दाब दिला, अर्धा तास काटा जागचा हलला नाही. हेच पाण्यानं कळलं असतं तर कार्डवरच कळलं असतं. नंतर पॉवर सप्लायच्या बाकीच्या सगळ्या वायरी काढून, त्याच्या 24 पिनच्या मुख्य प्लगला जंपर लावून कॉम्प्युटर चालू न करता नुसता पंप चालवला, थांबत थांबत टाकी भरली आणि प्रत्येक सांध्याखाली टिश्यू ठेवून पूर्ण दिवस तसंच सोडलं.

पहिले चार-पाच दिवस मी नाराज होतो. फॅन गप्प, पण पंपातून गुळगुळ गुळगुळ आवाज, अडकलेल्या हवेचा. कॅबिनेट दोन्ही हातांनी पुढं-मागं कलतं करत रोज थोडे बुडबुडे काढले, टाकीत पातळी उतरली की वरून भरलं, मग तो आवाज गेला. उरली पंपाची बारीक घुमणी. ती मामांच्या पट्टीखाली रबराचे बुश घातल्यावर आणि पंप 45 टक्के वेगावर कायम ठेवल्यावर गेली.

आणि आता खरी गोष्ट, जिच्यासाठी हा सगळा खटाटोप होता. फॅन मी प्रोसेसरच्या तापमानाला जोडलेच नाहीत, पाण्यात सेन्सर बसवून पाण्याच्या तापमानाला जोडले. लूपमधलं पाणी तापायला आणि निवायला कित्येक मिनिटं घेतं, त्यामुळं प्रोसेसर कितीही उड्या मारू दे, फॅनला त्याचा पत्ताच लागत नाही. 35 अंशांपर्यंत 600 आरपीएम, 45 ला 900, मधे सरळ रेघ. मार्चमध्ये खोली 30 ला होती, साजाचा रेंडर रात्रभर चालू होता तेव्हा पाणी 39 वर जाऊन थांबलं आणि फॅन सातशेच्या आसपास. मे महिन्यात दुपारी खोली 36 ला गेली तेव्हा पाणी 45 ला टेकलं आणि फॅन ऐकू यायला लागले, पाणी खोलीपेक्षा गार होऊ शकत नाही त्याला इलाज नाही, म्हणून उन्हाळ्यात मोठे रेंडर मी रात्री अकरानंतरच लावतो.

सगळ्यात खालच्या ट्यूबला टी लावून ड्रेन व्हॉल्व्ह ठेवलाय, त्यावर टेप चिकटवून पाणी बदलायची तारीख लिहिलीय, पितृपक्षातली. त्या पंधरवड्यात सोनं कोण घेत नाही, ऑर्डरी नसतात, मशीन दोन दिवस उघडं ठेवलं तरी चालतं.